गुळव्याचं नाक

नाथाजी कोरेगावकडचा नावाजलेला गुळव्या. काहिलीतला, म्हणजे गुळाच्या भल्या मोठ्या कढईतला, पाक उतरवायची वेळ तो नुसत्या वासावरून सांगायचा. पण चौऱ्याहत्तरच्या हंगामात त्याच्या हातून लागोपाठ दोन काहिली करपल्या. नाकच चालेना! उजव्या नाकपुडीतून पिवळं पाणी यायचं, खाली वाकलं की त्याच बाजूचा गाल ठणकायचा.

ओव्याची धुरी झाली, हळदीचं दूध झालं. दोन महिने गेले तरी फरक नाही.

"आवं, सर्दीला असला घाण वास येतोय व्हय?" बायको साळूबाई म्हणाली. "आन् एकाच नाकपुडीला? चला मिरजंला."

नाथाजी कुरकुरतच रेल्वेत बसला.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी गाल दाबून पाहिला, चेहऱ्याचा एक्स-रे फोटो काढला, मग म्हणाल्या, "तोंड उघडा."

"बाई, दुखणं नाकाचं हाय."

"उघडा तर!"

वरची एक दाढ आतून किडली होती. बाईंनी समजावलं, "गालाच्या हाडात एक पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. या दाढेचं मूळ तिच्या तळाला टेकतं. दाढेतला पू वर चढलाय. नुसत्या धुरीनं तो जायचा नाही."

दाढ काढली. मग नाक बधिर करून, आतून सुई घालून पोकळी धुतली. पांढऱ्या भांड्यात जे पडलं ते बघून नाथाजीच म्हणाला, "बया बया! हे माझ्या डोस्क्यात हुतं?"

औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहाव्या दिवशी दवाखान्याच्या आवारात साळूबाईनं तीन दगडांवर पिठलं शिजवलं. पहिला घास उचलतानाच नाथाजी थांबला.

"लसूण लय झालाय गं."

स्वयंपाकाला नावं ठेवलेली ऐकून एवढी हरखलेली बाई मिरजेनं पाहिली नसेल. शेजारच्या चुलीवरच्या बाईला हाक मारून ती म्हणाली, "ऐकलंसा? लसूण लय झालाय म्हनत्यात!"

पुढच्या हंगामात नाथाजी परत काहिलीपाशी उभा राहिला. पण त्याला एक नवाच नाद लागला. गुऱ्हाळावर कुणी शिंकलं की त्याचा प्रश्न तयार, "कुठल्या अंगानं वाहतंय? दाढ दाव." गुऱ्हाळावरचा त्याचा जोडीदार मानसिंग, त्याला तर त्यानं जबरदस्तीनं मिरजेला धाडलं. तिथं डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "साधी सर्दी आहे, घरी जाऊन वाफ घ्या."

मानसिंग परतला तो तणतणतच. "गड्या, अख्खा दिस गेला की रं माझा!"

"पर दाढा चांगल्या हायती, हे कळलं का न्हाई?" नाथाजी म्हणाला, आणि सगळं गुऱ्हाळ हसायला लागलं.