सुलभाताईंनी पढवलं नव्हतं

सुलभाताई गेल्याची बातमी मला पाथर्डीच्या स्टँडवर कळली. त्यांच्या पुण्याच्या संस्थेतल्या, पूर्वी एकदा त्यांच्यासोबत आमच्या गावी आलेल्या एक बाई गाडीची वाट बघत होत्या. मला ओळखून म्हणाल्या, "ताई गेल्या... तुम्हाला कुणी कळवलं नाही?" कळवावं इतकं नातं मी राखलं होतं कुठं? त्यांची गाडी आली, त्या निघून गेल्या आणि मी बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिले.

आमच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा मी निवडून आले, म्हणजे मला उभं केलं गेलं. गाव सरपंच म्हणायचं ते माझ्या मालकांना. बायकांच्या हाती कारभार आल्यावर गावात काय बदलतं, याचा अभ्यास करायला सुलभाताई पुण्याहून आल्या आणि आमच्याच घरी उतरल्या. त्या प्रश्न मला विचारायच्या, उत्तर मालक द्यायचे. ताई ते शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा माझ्याकडं बघत थांबायच्या. संध्याकाळी चुलीपाशी बसून भाकरी थापायला बघायच्या. ती काही त्यांना शेवटपर्यंत जमली नाही, फाटक्या भाकरीला स्वतःच हसायच्या आणि तीच खायच्या.

त्याच दिवसांत गावाला एक हापसा मंजूर झाला. तो देवळापुढं घ्यायचा, हे भावकीनं आधीच ठरवलं होतं. बौद्धवस्तीतल्या बायका मात्र ओढ्यातल्या झिऱ्यावर वाट्यांनी पाणी भरायच्या. मी ताईंना विचारलं, "तुमाला काय वाटतं, कुठं घ्यावा?"

"ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "गाव तुमचं आहे, सरपंच तुम्ही आहात."

मला रागच आला. एवढं शिकलेलं माणूस, एक शब्द सांगायला काय जातं...

ग्रामसभेत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. हापसा वस्तीत घ्यायचा, म्हणाले. ताई मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझे चुलत सासरे, बापू, उठले. "हे आमच्या सूनबाईचं बोलनं न्हाई. ही पुन्याची बाई पढवती तिला. सांग गं, हिनंच पढवलं ना?"

मला फक्त 'न्हाई' म्हणायचं होतं. मी पदर पुढं ओढला आणि खाली बघत राहिले. सगळ्यांनी त्याचा अर्थ 'व्हय' असाच घेतला.

दुसऱ्या दिवशी चौघांनी येऊन ताईंना गाव सोडायला सांगितलं. त्यांचा अभ्यास अर्ध्यात राहिला. जीपमध्ये चढताना त्या एवढंच म्हणाल्या, "काल बोललात ते बरं केलंत." त्या बोलण्यात टोचणी असती तर मला सोसलं असतं... पण नव्हती. वस्तीतल्या लोकांनी लावून धरलं, हापसा तिथंच झाला, आणि गावानं त्याचं श्रेय मला दिलं. तेही मी मुकाट घेतलं. पुण्याला जाऊन त्यांना भेटावं असं दर वर्षी वाटायचं. भेटून काय बोलायचं, ते सुचायचं नाही.

स्टँडवर ती बातमी कळल्यानंतर, गेल्या महिन्यातल्या ग्रामसभेत विषय संपले, लोक उठायला लागले, तशी मी उभी राहिले. आता मी सरपंच नाही. म्हणाले, "बापू, त्या बाईंनी मला पढवलं नव्हतं. मी इचारलं तरी त्यांनी सांगितलं न्हाई. माजं मीच बोलले हुते."

बापूंनी कानामागं हात धरला. "कोन बाई?"

मी बाकीच्यांकडं पाहिलं. कुणालाच आठवत नव्हतं. मग मी त्यांना बसा म्हटलं, आणि सुलभाताई कोण होत्या ते पहिल्यापासून सांगायला लागले.