पेठचे भुंगे आणि गवत राखायचा ठराव

आमच्या पिंपरी पेंढारला गाजरगवत इतकं माजलं, की ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, स्वतःच्या शेतात पाय टाकता येईना. हात लालभडक व्हायचे, दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, गवतापासून लांब राहा. जन्मभर कांदा लावलेला माणूस ऐन पावसाळ्यात ओसरीवर बसून राहिला. ते मला बघवेना.

आमचं रान आम्ही निंदत होतोच, पण बी यायचं रस्त्याकडून, पाटाकडून, गायरानातून. मी चौथी शिकलेली, तरी तीन कचेऱ्या फिरले. रस्ता बांधकामवाल्यांचा, पाट पाटबंधाऱ्यांचा, गायरान पंचायतीचं. गवत मात्र कुणाचंच नाही. मग पेठच्या मावसबहिणीचा, शेवंताचा, फोन आला. "आमच्याकडं ते गवत खाणारे भुंगे हायेत. ये आन् घेऊन जा." मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. सकाळी लवकर आळेफाटा गाठा, तिथून पुण्याकडची एसटी धरा. सगळ्या गाड्या पेठला थांबत नाहीत, तेव्हा कंडक्टरला आधी विचारा. मी विचारलं नाही, म्हणून मंचरला उतरून वडापच्या जीपमध्ये कोंबून घ्यावं लागलं. बरंच झालं म्हणा, स्टँडबाहेर गरम भजी मिळाली. पुढं अवसरीचा घाट, हिरवागार, ढग अगदी जीपच्या टपावर. मी एवढी खूश, की शेजारच्या अनोळखी बाईला निम्मी भजी देऊन टाकली.

शेवंता दारातच होती. "जयभीम आक्का, भिजलीस की लई."

चहाआधी मी परसात गेले. गाजरगवताच्या पानांची नुसती चाळण झालेली. भुंगा तुरीच्या दाण्याएवढा, पाठ पांढरट, वर काळ्या वेड्यावाकड्या रेघा.

"उद्या आमच्या कांद्यावर बसला तर?" मी विचारलं.

शेवंताचा नवरा कृषी खात्यात शिपाई होता. तो म्हणाला, "आक्का, भाईरदेशचा किडा असाच सोडत न्हाईत. आधी बंद खोलीत ठिवला, दुसरी पिकं पुढं टाकून बघितली, मंग सरकारनं परवानगी दिली. गवताला मातर कुणी इचारलं न्हाई. ते भाईरदेशच्याच गव्हाच्या पोत्यातनं आलं म्हनत्यात."

दुसऱ्या सकाळी भोकं पाडलेल्या डब्यात पाला, त्यात भुंगे, वर फडकं. परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजी, डब्यात काय?"

"भुंगे."

"कोंबडीचं तिकीट असतं. भुंग्याचं आमच्या पुस्तकात न्हाई."

"मग फुकट येऊ दे, भाऊ."

मागून कुणीतरी म्हणालं, "जागा मातर आडवू नका म्हनावं, राव."

गावात उतरले आणि थबकले. निम्मं गायरान साफ. स्वच्छतेची तपासणी येणार, म्हणून पंचायतीनं गायरानासकट पाटाकडचं, रस्त्याकडचं सगळं गवत मुळापासून उपटायचा ठराव केला होता. उरलेलं दुसऱ्या दिवशी निघणार होतं. बी तर आधीच मातीत पडलेलं. ते पुन्हा उगवणार, आणि तोवर माझे भुंगे उपाशी मरणार.

तशीच पंचायतीत गेले. मासिक सभा चालू होती. सरपंच म्हणाले, "मावशी, गवत काढायचा ठराव आमीच केला. आता राखायचा करू? तालुका हसंल."

"हसू द्या. मला एक तुकडा ठेवा. त्याची फुलं मी स्वतः खुडीन, बी पडू देणार नाही."

"तपासणीवाल्यांना काय सांगू?"

"हे दाखवा. गाजरगवतच खातात." मी टेबलावर डबा ठेवून फडकं काढलं. दोन भुंगे थेट रजिस्टरवर चढले. ग्रामसेवक खुर्चीसकट मागं सरकले.

सरपंच हसायला लागले. "लिवा भाऊसाहेब, गायरानाचा वढ्याकडचा तुकडा राखून ठेवावा. लवकर लिवा, न्हाईतर अजून निघतील."

भुंगे त्या तुकड्यात सोडले, आणि त्या पावसात मी रोज हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून फुलं खुडली. तपासणीवाले आले, बघून गेले. पुढच्या पावसाळ्यात भुंगे आपले आपण पाटापर्यंत गेले, रस्त्यापर्यंत गेले. त्यांना कचेरीची परवानगी लागली नाही. गवत संपलंय असं मी म्हणणार नाही. पण आमच्या बांधाजवळचं यंदा फुलावर यायच्या आधीच झडलं.

परवा ह्यांनी तोंडाला उपरणं गुंडाळून कांद्याची लागण सुरू केली. हात थोडे खाजले, दम लागला नाही. मी बांधावर बसून बघत राहिले.

"बसलीस काय," ते म्हणाले, "रोपं आण."