माशाची पेटी

माझ्या थोरल्या भावानं पुंडलिकनगरच्या घरात समुद्र थाटला होता. आमच्या गावात नळाला पाणी यायची मारामार, आणि याची काचेची टाकी मीठ कालवलेल्या पाण्यानं काठोकाठ! तिला जागा हवी म्हणून हॉलमधली आईची खाट गॅलरीत गेली.

टाकीतल्या एका पिवळ्या माशाला बाकीचे मासे चावायचे. त्याला वेगळं ठेवायला भावानं अ‍ॅक्रिलिकची पेटी घरीच बनवली. ड्रिल हळूहळू चालवत, वरून पाण्याची धार धरत त्यानं आत टाकीतलं पाणी खेळावं म्हणून चारी बाजूंना भोकं पाडली. कुठंही तडा गेला नाही. माशाचे पंख खरचटू नयेत म्हणून प्रत्येक भोक पॉलिश पेपरनं घासलं. एवढी माया घरात कुणाच्याच वाट्याला आली नव्हती.

गॅलरीत धूळ येते, असं आई एकदाच म्हणाली. त्यानं पेटी करून उरलेली अ‍ॅक्रिलिकची शीट ठोकून गॅलरी बंद करून टाकली. मे महिन्यात मी भेटायला गेले, तर आत नुसती भट्टी. आईचा पदर घामानं चिंब झालेला.

"लई गुदमरतंय रे," ती त्याला म्हणाली. "दोन-चार भोकं तरी पाड."

"भोकं पाडली की शीट तडकते," माशावरची नजर न काढता तो म्हणाला.