फाटकावरची हाक

फाटकाशी उभं राहून ते आधी हाक मारायचे, "सहज आलोय हो." मगच बेल वाजवायचे. इथे परदेशात, कॅसल हिलमधल्या आम्हा मराठी मंडळींना ती हाक पाठ होती. ते पोलिसांचे चॅप्लेन होते, बिनपगारी. कुणाच्या घरी मृत्यूची बातमी सांगायला पोलीस निघाले, की हे बरोबर जायचे आणि पोलीस परतले तरी त्या घरात बसून राहायचे. त्यामुळे ते नुसते दारात दिसले, तरी माणूस आधी घरातली माणसं मोजायचा.

आमच्या मराठी मंडळात आम्ही त्यांना पोलिसांचे भटजी म्हणायचो. कुणीतरी विचारायचं, "दक्षिणेचं काय हो?"

"चहा मिळतो," ते म्हणायचे, "तोही कपात पिशवी बुडवलेला."

अशा घरी गेले, की ते दाराशी बूट काढायचे. पोलीस बुटांनिशीच आत जात. मी एकदा म्हटलं, "अशा वेळी पायांकडे कोण बघतंय?"

"पुढे कित्येक वर्षं त्यांना तेच आठवतं. कोण कसं आत आलं."

आत गेल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आधी बसू या."

एका दुपारी ते माझ्याकडे आले, तेव्हा हाक नव्हती. काचेतून पाहिलं, तर मागे दोन पोलीस आणि पुढे हे, वाकून बुटाची नाडी सोडत होते. मला तेवढ्यावरच कळलं. मुलगा सकाळी गाडी घेऊन पॅरामॅटाला ऑफिसात गेला होता. अपघाताचं त्यांनी बसल्यावर सांगितलं.

त्यानंतर मला त्यांचं तोंड बघवेना. ते दर आठवड्याला येत. "सहज आलोय हो." मी पडद्याआड उभा. ते जरा वेळ पायरीवर बसत, कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालत आणि जात.

मंडळात कुणी म्हणालं, "बातमी सांगायला बरे आले. नंतर फिरकलेसुद्धा नाहीत." मी समोरच होतो. खाली मान घालून चहा पीत राहिलो. ते बोलणं त्यांच्या कानावर गेलं असणार. त्यांनी खुलासा केला नाही, फक्त मंडळात येणं सोडलं. म्हणून हे लिहितोय. ते येत होते. दार मी उघडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते ट्रेनमध्ये बसल्या जागी गेले. त्यांच्याबरोबर काम केलेली एक पोलीसबाई माझ्या दारी आली. इंग्रजीत म्हणाली, "दर आठवड्याला ते ज्या मित्राकडे यायचे, तो तूच ना? त्यांच्या बायकोला अजून सांगायचंय. तिच्याजवळ कुणीतरी आपलं हवं."

मी निघालो. त्यांच्या फाटकाशी माझं तोंड हाक मारायला उघडलं आणि तसंच मिटलं. दाराशी ती पोलीस पोरगी खाली बसली आणि आपल्या जड बुटांच्या नाड्या सोडू लागली. मीही तिच्याशेजारी वाकलो.

आतून वहिनींनी विचारलं, "कोण आहे?"