मी दमली

विभावरी टिपणीस ऑफिसात एचआर बघते आणि घरी हॉलिवूडचे जुने संगीतपट. काळ्यापांढऱ्या पडद्यावरची ती कॉलेजातली पोरं क्षुल्लक कारणावरून रुसतात, रुसून गातात आणि गाता गाता बाकावर चढून नाचतात. तिला त्यांचं अजून वेड आहे. यंदा दुबईतल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात असाच खेळ आपल्या पोरांकडून मराठीत बसवायचा, असा हट्टच तिने धरला.

मंडळाचे अध्यक्ष सुरेशराव हसले. "विभावरी, ही मुलं आणि मराठी? त्यापेक्षा पुण्याहून ऑर्केस्ट्रा बोलावू, बजेट अप्रूव्ह्ड आहे." शेवटी अर्धा तास मिळाला, पण फजिती झाली तर मुलांचा कार्यक्रम कायमचा बंद, या अटीवर.

नायक तिचाच सोळा वर्षांचा तन्मय. नाचायला पट्टीचा, मराठीची मात्र बोंब. बाप महिनोन्महिने समुद्रातल्या तेलविहिरीवर, त्यामुळे पोराच्या कानावर मराठी पडली ती फक्त आईची. साहजिकच 'मी आली, मी जेवली' म्हणत तो वाढला, आणि लोक हसायला लागल्यावर त्याने मराठी सोडूनच दिली. नायिका अस्मीचं उलटं. आई केरळची, मराठी वडिलांकडून उचललेली, म्हणून ती 'मी येतो' म्हणायची.

"आलो म्हण रे," विभावरी तालमीत कळवळून सांगायची.

"सेम थिंग, मम्मा."

घासून घासून तिने दोघांना सरळ केलं.

ऊद मेथातल्या हॉलमध्ये निम्मा खेळ झकास रंगला. मग रुसलेल्या नायिकेची मनधरणी आली. तन्मय गुडघ्यावर बसला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी दमली तुझी वाट बघून."

अख्खा हॉल फिदीफिदी हसला. तन्मयचा चेहरा पडला, पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. विंगेत उभ्या विभावरीने कपाळाला हात लावला. आता पुढल्या वर्षी ऑर्केस्ट्रा ऐका.

अस्मीने मात्र कमरेवर हात ठेवले. "दमलीस? मग ऊठ, आज मी नाचवतो तुला. यल्ला, चल!"

तिने त्याला ओढून उभं केलं आणि नायकाच्या स्टेप्स स्वतः सुरू केल्या. तन्मय क्षणभर बावचळला, मग लाजत, मुरकत नायिकेच्या स्टेप्स करू लागला. महिनाभर एकमेकांना बघून दोघांना सगळं पाठ होतं. लोक अजूनही हसत होते, पण आता टाळ्या वाजवत. शेवटच्या गाण्याला सगळा हॉल उभा राहिला, सुरेशरावही.

"पुढच्या वर्षी फुल एक तास," ते आत येऊन म्हणाले. "ऑर्केस्ट्रा खलास."

विभावरी तिथेच, सगळ्यांसमोर, आनंदाने रडली.

अल मनखूलला परतताना तन्मय गाडीत आपणहून बोलायला लागला, तेही मराठीत. "आई, मी आधी खूप घाबरली. मग अस्मीने हात दिला ना, तेव्हा मी सगळं विसरली."

घर येईपर्यंत तो बोलत राहिला, आणि विभावरीने एकदाही त्याची चूक काढली नाही.