भिंगरीताईचा सहावा गोळा

भिंगरीताई बसलीय असं मी कधी पाहिलंच नाही! खरंच सांगते. एवढी धिप्पाड बाई, गोळाफेकीत तीनदा राज्यात पहिली, पण पोहेसुद्धा मांजलपूरच्या आमच्या मैदानाला फेऱ्या मारत मारत खायची. गोळा टाकताना गरकन फिरायची, एरवीही फिरतच असायची, म्हणून तिथे गोळाफेक शिकणाऱ्या आम्ही मुलींनी नाव ठेवलं भिंगरी.

उजव्या जबड्याखाली कायम काळा डाग. रोज तिथेच लोखंडी गोळा टेकवायचा ना! मांडवीच्या बाजारात साडी घेताना, काय लागलं म्हणून दुकानदारकाकांनी विचारलंच, "बेन, शुं वाग्युं?" ही पटकन म्हणाली, "दागीनो छे काका, चार किलोनो!"

थांबणं तिला जमायचंच नाही. सिग्नललासुद्धा स्कूटरवर बसून पाय आपटायची... बरं, तेवढंच काय ते बसणं! गोळा सुटला की कुठे पडतो ते बघायला ही पुढे धावलीच. आणि गोळाफेकीत नेमकं तेच चालत नाही. गोळा पडेपर्यंत वर्तुळात थांबायचं, मग मागच्या बाजूनं बाहेर यायचं. पुढून पाय पडला की फाउल. आम्हाला शिकवणारे सर ओरडायचे, "अगं, गोळा काय पळून जातोय?"

"पळतोय म्हणून तर बघायचंय, सर!"

मग आली खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीची चाचणी. जागा एकच, आणि वयात बसणारी तिची ही शेवटची संधी. नाही जमलं तर खेळ सोडून सुरतेच्या शाळेत पी.टी. शिकवेन, असं तिनं बाबांना कबूल केलेलं. पाच फेकी झाल्या, ताई दुसरी. सहावा, शेवटचा गोळा सुटला आणि मी किंचाळलेच! पहिलीच्या खुणेच्या कितीतरी पुढे! आणि ताई दोन्ही हात वर करून नाचत बाहेर आली. पुढून.

लाल झेंडा. तो गोळा मोजलाच नाही कुणी.

सगळे पांगल्यावर मी टेप घेऊन धावले. "ताई, खळगा आहे अजून! मोजूया ना!"

तिनं बुटानं माती सारखी केली. "नको गं. मोजलं तर जन्मभर लोकांना तोच आकडा सांगत बसेन." आणि बाबांना फोन लावत फाटकाकडे निघाली.

तिची पाठ वळल्यावर मी तिच्या बुटाच्या ठशापर्यंत टेप लावला. दोनदा.

आता ती सुरतेला असते. दर रविवारी फोन करून विचारते, "किती पडला गं गोळा?" मी माझा आकडा सांगते. तिचा अजून सांगितलेला नाही.