मागाखालचा खड्डा

मंडळी, मी वकील. आज गंगूबाईचा खटला जिंकलो. वडगावच्या या विधवा सुनेला सासऱ्यानं मृत्युपत्रात स्वकमाईचा हातमाग दिला होता. दीर तो सोडत नव्हते.

निकाल ऐकून मी नि गंगूबाई टांग्यानं तिच्या सासरी गेलो. माग अंगणात काढून ठेवलेला. विणताना पाय सोडायचा आतला खड्डा घरच्यांनी तोवर बुजवून, सारवून, वर रांगोळीही घातली होती.

"माग घेऊन जावा की, वकीलसाहेब," थोरला दीर म्हणाला. "खड्डा वडिलोपार्जित घरातला. त्यो आमचा."

कायद्यानं विधवेला वडिलोपार्जित घरात वाटा नव्हता; त्याचं बरोबर होतं.

गंगूबाईनं मला विचारलं, "अण्णा, आता पाय कुठं सोडून बसू?"

तुमच्यापैकी कोण तिला आपल्या घरात खड्डा खणू देईल? मी माझ्या घरी विचारलं. नको म्हणाले.